गुंडाळीच्या टोकाचा कोरा कागद

आमच्या क्लबाचं बुधवारचं जेवण दोनची घंटा वाजली की संपतं. मग तुमच्या तोंडात घास असो नाहीतर माइकसमोर मंत्री असो. आमचा क्लब म्हणजे दुकानदार, डॉक्टर, वकील अशा मंडळींचा सेवा क्लब. रक्तदान, डोळ्यांची शिबिरं, चाकाच्या खुर्च्या वाटणं असली कामं आम्ही करतो, आणि आठवड्यातून एकदा एकत्र जेवून, कुणाचं तरी भाषण ऐकून, आपण फार चांगली माणसं आहोत याची खात्री करून घेतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. यंदा वक्ते शोधून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण हात मीच वर केला होता.

कारण माझे बाबा आणि माझा काका. सख्खे भाऊ, एकाच शहरात, चालत गेलं तर चहा निवायच्या आत पोचतील एवढ्या अंतरावर. आणि बारा वर्षं एकमेकांशी एक शब्द नाही. लग्नकार्यात एक या भिंतीला, एक त्या भिंतीला, आणि मध्ये मी ताटं घेऊन नाचतेय. काका जहाजावर इंजिनियर होता. लग्न केलं नाही, आयुष्यभर चिनी वस्तू जमवल्या. पेले, बाटल्या, चित्रं. आजी गेली तेव्हा हा सद्गृहस्थ असंच एक चित्र मिळवायला परदेशात गेला होता. निरोप गेला होता, तरी वेळेवर आला नाही. आला तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबांनी दारातच त्याला सांगितलं, आता कशाला आलास, चित्रं बघत बस जा. काकानं बॅग उचलली आणि गेला. झालं. तेव्हापासून दोघंही तोंड शिवून बसलेले.

मी दोघांनाही सांगून थकले. बाबांना सांगितलं की ते वर्तमानपत्र उघडायचे. काकाला सांगितलं की तो चहा करायला उठायचा. दोघांचा हट्ट एकाच साच्यातला, हे त्यांना सोडून सगळ्या जगाला दिसत होतं. मीही सोडून दिलं असतं, पण गेल्या महिन्यात काकानं मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की सगळा संग्रह तो दूरच्या एका संग्रहालयाला देतोय. वस्तू नीट मांडून द्यायला त्यांनी त्याला तिथंच राहायला जागा दिली आहे, पुढच्या आठवड्यात निघायचं, परत यायचा विचार नाही. सत्तरी उलटलेला माणूस आणि पंचाहत्तरीचे बाबा. आता गेला तर हे दोघं या जन्मी बोलत नाहीत, हे मला लख्ख दिसलं. त्या रात्री मी नवऱ्यावर, मुलांवर आणि मिक्सरवर सारखीच ओरडले.

मग मी डाव टाकला. काकाला म्हटलं, जायच्या आधी आमच्या क्लबात चिनी कलेच्या संग्रहावर बोल. तो म्हणाला, तिथे दादा असेल. म्हटलं, असेल ना, क्लब काय माझा एकटीचा आहे? तो हातातला पेला पुसून जागेवर ठेवत म्हणाला, बरं. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. पत्रकावर नुसतं ‘एका संग्राहकाचे अनुभव’ असं छापलं. बाबा क्लबाचे जुने सदस्य, अगदी पहिल्या फळीतले. त्यांची हजेरी एकदाही चुकलेली नाही. तापात, संपात, धाकट्या मुलीच्या म्हणजे माझ्या बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा ते जेवायला तिथे होते. क्लबात त्यांना सगळे ‘घड्याळ’ म्हणतात. तेव्हा ते येणार यात शंका नव्हती. आले की उठून जाणार नाहीत, यातही नव्हती, कारण घंटेच्या आधी उठलं तर हजेरी धरत नाहीत.

बुधवारी मी सकाळपासून हॉलवर. आमच्याकडे टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल करतात, खिडकीच्या भिंतीपासून थेट दारापर्यंत. दाराच्या टोकाला हजेरीचा कागद असतो आणि दोरीनं बांधलेलं एक बॉलपेन. पेन दोरीनं बांधायचं कारण आमचे सदस्य समाजसेवा करतात, पण पेनं परत करत नाहीत. जेवणं झाली, भाषण झालं, की प्रत्येक जण दाराबाहेर पडताना त्या टोकाला वाकतो आणि सही ठोकतो. वर्षानुवर्षांची सवय. कुणी बघतसुद्धा नाही.

काका आला तो नेहमीचा मऊ कोट घालून, बरोबर दोन पेट्या. बाबा आले, दारात त्यांनी काकाला पाहिलं, मग मला पाहिलं. ती नजर मी लहानपणी फक्त गणितात नापास झाले तेव्हा पाहिली होती. मग ते टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि सूप असं ढवळायला लागले की त्यातून काही उत्तर वर येणार आहे. काकाच्या ताटातला भात तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर ताटं उचलली, टेबलावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं आणि सगळ्यांना खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या. काकानं दुसऱ्या पेटीतून एका चित्राची गुंडाळी काढली. कागदाची लांब पट्टी, रेशमाच्या कापडावर चिकटवलेली, दांड्याभोवती गुंडाळलेली. त्याचं म्हणणं असं, की हे असं एकदम उघडायचं नसतं. आपल्या दोन हातांत मावेल एवढंच उलगडायचं, बघायचं, बघितलेलं गुंडाळायचं, पुढचं उलगडायचं, उजवीकडून डावीकडे. पण एवढी माणसं कशी बघणार? तेव्हा आज अपवाद म्हणून पूर्ण उलगडू, असं तो म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून ती पसरली. खिडकीपासून सुरू झाली ती थेट दाराच्या टोकापर्यंत आली. तिथे हजेरीचा कागद मध्ये येत होता, म्हणून मी तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पेन बांधलेलं होतं, ते राहिलं तिथेच. ही माझी हुशारी.

काका छान बोलला. मला वाटलं नव्हतं. पहिल्यांदा त्याला एका बंदरात दुकानदारानं कसं फसवलं, हिरवा मौल्यवान जेड म्हणून रंगवलेला दगड कसा गळ्यात मारला, आणि तो दगड घामानं हाताला रंग लावायला लागला तेव्हा काय वाटलं, ते सांगितलं. सगळे हसले. एक पेला हातोहात फिरवला, तो आमच्या दातांच्या डॉक्टरांनी उलटा करून असा तपासला की कीड लागली आहे का बघताहेत. मग तो गुंडाळीकडे वळला. नदीचं चित्र. सुरुवातीला डोंगर, मग धुकं, मग होड्या, एक पूल, पुलावर गाढव ओढणारा माणूस, शेवटी एक छोटं घर. आणि मध्ये मध्ये लाल चौकोनी शिक्के, चक्क चित्रावर.

आमच्यातल्या टायरवाल्यांनी विचारलं, हे शिक्के कसले, चित्र खराब केलं की कुणीतरी. काका म्हणाला, हे चित्र ज्यांच्या ज्यांच्या घरी राहिलं त्यांचे हे शिक्के. तिकडे त्यानं चित्र खराब होत नाही. घरात माणसं राहून गेली की घर खराब होतं का, तसंच. टायरवाले भाडेकरूंना कंटाळलेले असल्यामुळे त्यांना हे फारसं पटलं नाही.

मग कुणीतरी किंमत विचारली, ती तर कुणी ना कुणी विचारणारच होतं. काकानं हसून टाळली. आणि निवृत्त मुख्याध्यापकांनी, अगदी सरळ मनानं, विचारलं की हे तुम्हाला मिळालं कसं.

काका थांबला. मला वाटलं, आता हा प्रश्नही टाळेल. बाबा टेबलाच्या त्या टोकाला हाताची घडी घालून जमिनीकडे बघत होते.

“हे मिळालं त्या दिवशी माझी आई गेली,” काका म्हणाला. “ती आजारी असल्याचा निरोप मला आधी मिळाला होता. मी कळवलं, दोन दिवसांत येतो. मला वाटलं आई थांबेल. ती नेहमी थांबायची माझ्यासाठी. जहाज कितीही उशिरा लागलं तरी जेवायची थांबायची. तेव्हा मला वाटलं, दोनच दिवस. ते दोन दिवस मी या कागदापायी घालवले.”

मुख्याध्यापक बिचारे खुर्चीत आकसून गेले. काका पुढे म्हणाला, की या गुंडाळीबद्दल एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली आहे, या टोकाच्या कोऱ्या भागाची, आणि नेमकी तेव्हा दोनची घंटा वाजली. आमचे अध्यक्ष घंटेच्या बाबतीत जमदग्नी आहेत. त्यांनी काकाचे आभार मानले, फुलं दिली, आणि मंडळींना जाता जाता चित्र बघून जायला सांगितलं. काकानं मान हलवली. राहिलं ते राहिलं.

मंडळी रांगेनं निघाली. खिडकीपासून सुरुवात करून डोंगर बघत, धुकं बघत, होड्या बघत, दाराकडे सरकत गेली. वकीलबाई काकाला खिडकीजवळ पकडून शिक्क्यांच्या मालकीहक्कावर काहीतरी विचारत होत्या. मी पेल्यांच्या पेटीत कापूस भरत होते आणि एक डोळा बाबांवर ठेवून होते. ते उठले नव्हते. सगळे उठले, ते नाही.

हॉल रिकामा होत आला तशी मी दाराच्या टोकाला गेले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्या गुंडाळीच्या टोकाला, छोट्या घराच्या पुढे, हातभर कोरा कागद होता. आता तो कोरा नव्हता. सगळ्यात वर टायरवाल्यांची ती रिबिनीसारखी सही. खाली दातांचे डॉक्टर. खाली बेकरीवाले, त्यांनी तर पुढे कंसात ‘उपाध्यक्ष’ लिहिलं होतं. मुख्याध्यापक, औषधवाले, दोन्ही आर्किटेक्ट, सगळे एकाखाली एक, निळ्या बॉलपेननं. अध्यक्षांनी सवयीनं खाली एक रेघसुद्धा मारली होती. आणि तिकडे खिडकीच्या कट्ट्यावर हजेरीचा खरा कागद आरामात पडलेला. त्याच्या हिशेबानं त्या दिवशी जेवायला कुणीच आलेलं नव्हतं.

मी तिथेच खुर्चीत बसले. काकानं ज्याच्यापायी आई घालवली, भाऊ घालवला, ते चित्र माझ्या क्लबानं घालवलं. आणि घालवलं कुणी, मी. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? लोकांच्या भावांना एकत्र आणायचा मक्ता घेतला होता का मी? वकीलबाई गेल्या. काका टेबलाच्या कडेनं माझ्याकडे येत होता, आणि मला वाटत होतं हा अजून थोडा हळू आला तर बरं.

मी म्हटलं, “काका, रागावू नकोस. त्यांना वाटलं हजेरी आहे.”

तो वाकला. वरपासून खालपर्यंत वाचत गेला. ‘उपाध्यक्ष’पाशी थांबला. त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. असा हसत होता की त्याला टेबलाला धरावं लागलं. मी इतकी वर्षं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं, तेव्हा मला आणखीनच भीती वाटली.

मग त्यानं डोळे पुसले आणि राहिलेली गोष्ट सांगितली. तो कोरा भाग जुना नव्हताच. चित्र मिळाल्यावर त्यानं ते नव्यानं मढवून घेतलं, तेव्हा मुद्दाम जोडून घेतला होता. असा कागद टोकाला ठेवतात तो लिहिण्यासाठीच. ज्यांनी चित्र पाहिलं त्यांनी तिथे लिहायचं, की आम्ही हे पाहिलं. फक्त तिकडे ते शाईनं आणि ब्रशनं लिहितात, बॉलपेननं नाही, एवढंच. म्हणजे आमच्या लोकांनी काही बिघडवलं नव्हतं. न बघता, न कळता, नेमकं करायचं तेच करून गेले होते.

“मग इतकी वर्षं कोरा का ठेवलास?” मी विचारलं. माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे आवाज लगेच चढला होता.

“पहिलं नाव घरातल्या कुणाचं तरी असावं असं वाटत होतं,” काका म्हणाला. “घरातलं कुणी बघायलाच आलं नाही. मी तरी कुठे बोलावलं? तुलासुद्धा नाही. असो. टायरवाल्यांनी मुहूर्त केला.”

त्यानं हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण रिकाम्या हॉलमध्ये सगळं ऐकू जातं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठले. ते आमच्याकडे आले नाहीत. आधी खिडकीकडे गेले, चित्राच्या सुरुवातीला. चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला, आणि बघायला लागले. डोंगर बघितले. धुक्यापाशी बराच वेळ थांबले. होड्या बघितल्या, एकेक. आमच्या मंडळींनी दोन मिनिटांत उरकलं ते बाबा असे बघत होते की मी दोनदा काकाकडे पाहिलं. काका हलत नव्हता. त्याचे हात कोटाच्या खिशात होते.

बाबा शेवटच्या घरापाशी आले, मग सह्यांपाशी. सह्या वाचल्या, ‘उपाध्यक्ष’ वाचून नाक मुरडलं. मग दोरीनं बांधलेलं ते पेन उचललं.

“काय लिहायचं असतं?” त्यांनी विचारलं. काकाकडे न बघता विचारलं, पण मला नव्हतं विचारलं.

“नाव,” काका म्हणाला. “आणि कधी पाहिलं, कुठे पाहिलं.”

बाबांनी नाव लिहिलं. त्यांचं अक्षर रेखीव आहे, पण आज वळणं तुटत होती. नावाखाली तारीख लिहिली. मग पेन कागदावर टेकवून ते नुसते उभे राहिले. मला वाटलं, शाईचा डाग पडेल, म्हणून मी पुढे झाले, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

“आई गेली तेव्हा मी इथे होतो,” ते म्हणाले. “बुधवार होता. ती सकाळी म्हणाली, आज नको जाऊस. मी म्हटलं, दोनपर्यंत येतो. मलाही वाटलं थांबेल. माझी हजेरी चुकू नये म्हणून मी इथे बसून कस्टर्ड खात होतो, धाकट्या. घरी गेलो तेव्हा संपलं होतं. आणि मग तू दारात आलास.”

मला हे माहीत नव्हतं. माझ्या आईला माहीत असणारच. आजीजवळ त्या दुपारी तीच होती. बारा वर्षं तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही, बाबांना एका शब्दानं टोचलं नाही, आणि मी तिला सारखी म्हणत होते की तू त्यांना समजावत का नाहीस. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रुमाल नेमका पर्समध्ये, पर्स खिडकीपाशी.

खिशातला एक हात काकानं बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला, बाबांच्या हाताशेजारी. दोघांचे हात अगदी सारखे. तेच जाड सांधे, तीच वाकडी करंगळी.

“म्हणजे आपण दोघंही नव्हतो,” काका म्हणाला.

“दोघंही नव्हतो,” बाबा म्हणाले.

आणि सांगते, त्या वाक्यानं मी बाबांना सुटताना पाहिलं. खांदे खाली आले, मान खाली आली, तोंडातून एक लांब श्वास गेला. इतकी वर्षं एकट्यानं उचललेलं ओझं अर्धं कुणीतरी घेतलं, आणि घेणाऱ्याकडेही तसंच ओझं आधीपासून होतं. काकाही खुर्चीवर बसला, लहान मुलासारखा, पाय पसरून. कुणी कुणाला माफ केल्याचं बोललं नाही. तसं बोलायला दोघांपैकी एकाला तरी वरचढ असावं लागतं ना.

मग बाबांनी पेन पुन्हा टेकवलं आणि तारखेपुढे लिहिलं, ‘भावाबरोबर पाहिलं.’ काकानं ते वाचलं, आणि त्याच पेननं, बाबांच्या ओळीखाली, बारा वर्षांत पहिल्यांदाच, त्या चित्रावर स्वतःचं नाव लिहिलं.